विद्युत् मंडलाच्या नियमांचा इतिहास

विद्युत् घटाच्या एका अग्रापासून निघून तार, दिवा, रोधक इत्यादींमधून जाणाऱ्या आणि त्याच घटाच्या दुसऱ्या अग्रास येऊन मिळणाऱ्या अखंड संवाहक मार्गास विद्युत् मंडल म्हणतात. अशा मंडलातून किती विद्युत् प्रवाह वाहील आणि मार्गास फाटे फुटत असल्यास तो शाखाशाखांत कसा वाटला जाईल, हे ठरविणारे मूलभूत नियम तीन आहेत. त्यांपैकी एक ओहम यांचा व दोन किरखोफ यांचे. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी हे तिन्ही नियम थोड्या तासिकांत शिकतो व त्यांवरील उदाहरणे साध्या भागाकाराने सोडवितो. तथापि व्होल्टा यांच्या घटमालेपासून (१८००) या नियमांचा अर्थ पूर्णपणे उलगडेपर्यंत (१८४९) जवळजवळ अर्धशतक लोटले. या विलंबाचे कारण गणिताच्या काठिण्यात नव्हते. मंडल तुटलेले असताना घटाच्या अग्रांवर आढळणारा विद्युत् ‘ताण’ आणि मंडल जोडल्यावर तारेत वाहणारा ‘प्रवाह’ या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच तारेत नांदू शकतात, ही कल्पनाच त्या काळच्या शास्त्रज्ञांना सुचत नव्हती. आणि ज्यांना ती सुचविली गेली त्यांतील बहुतेकांना ती पटली नाही.

अठराव्या शतकातील विद्युत् म्हणजे घर्षणाने निर्माण होणारी विद्युत् होय. काचेची तबकडी फिरवून ती मिळवावी, लायडन पात्रात साठवावी आणि ठिणगीच्या वा झटक्याच्या रूपाने क्षणार्धात मोकळी करावी, एवढाच तिचा व्यवहार होता. वाहत राहणारी विद्युत् ठाऊक नसल्याने तिच्या मार्गातील अडथळ्याचे मापन करण्याचा प्रश्न सहसा कोणापुढे उभा राहिला नाही. याला एक लक्षणीय अपवाद हेन्री केव्हेंडिश (१७३१—१८१०) यांचा. अतिशय संकोची व एकांतप्रिय अशा या इंग्रज शास्त्रज्ञांनी मिठाचे पाणी भरलेल्या काचेच्या नळ्यांतून लायडन पात्रे रिकामी केली आणि स्वतःच्या शरीरास बसणाऱ्या झटक्यांची तुलना करून निरनिराळ्या द्रावांचे रोध ठरविले. गॅल्व्हानोमीटर अस्तित्वात नसताना प्रयोगकर्त्याचा हातच मापक उपकरणाचे काम करीत होता. १७८१ च्या सुमारास ते ज्या निष्कर्षाप्रत आले तो ओहम नियमाहून फारसा भिन्न नव्हता. परंतु त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्यांची टिपणे संपादून १८७९ मध्ये छापली, तोपर्यंत ओहम नियम पाठ्यपुस्तकांत रुळून गेला होता. त्यामुळे केव्हेंडिश यांच्या या कार्याचा विज्ञानाच्या प्रत्यक्ष वाटचालीवर काहीच परिणाम झाला नाही.

इटालियन शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी मार्च १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोझेफ बँक्स यांना पाठविलेल्या पत्रात आपल्या घटमालेचे वर्णन केले. चांदी व जस्त यांच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे अशी एकावर एक रचलेली ही चवड सतत विद्युत् पुरवू शकत असे [→ विद्युत् घट]. मात्र व्होल्टा यांचे लक्ष चवडीच्या टोकांवर दिसणाऱ्या ताणाकडे होते. हा ताण विद्युत् दर्शकाच्या साहाय्याने मोजता येई व चकत्यांच्या जोड्या वाढविल्या की तो त्या प्रमाणात वाढे. टोके तारेने जोडली की मात्र विद्युत् दर्शकाची पाने मिटत. यावरून ताण नाहीसा झाला, असा निष्कर्ष सहजच निघाला.

डॅनिश शास्त्रज्ञ हान्स क्रिश्चन अर्स्टेड यांनी १८२० मध्ये प्रवाहवाही तारेजवळ चुंबकसूची विचलित होते, असे दाखविले आणि प्रवाहाचे मापन करण्याचा मार्ग प्रथमच खुला झाला. श्वायगर यांनी तारेचे अनेक वेढे देऊन हा परिणाम वाढविला. फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे मारी अँपिअर यांनी त्याच वर्षी ‘विद्युत् ताण’ व ‘विद्युत् प्रवाह’ या दोन संज्ञा स्पष्टपणे वेगळ्या केल्या. विद्युत् शास्त्राच्या इतिहासात हा भेद अत्यंत मोलाचा आहे. पण त्याबरोबर एक गैरसमजही पक्का झाला. मंडल तुटलेले असेल तर ताण असतो आणि प्रवाह नसतो. मंडल पूर्ण होताच प्रवाह सुरू होतो आणि ताण लोपतो, अशी ती मांडणी होती. एका अवस्थेचे मापन विद्युत् दर्शकाने व दुसऱ्या अवस्थेचे चुंबकसूचीने करावयाचे, अशी उपकरणांचीही वाटणी झाली. दोहोंमधील संबंध शोधण्याचे प्रयोजनच मग उरले नाही.

संवाहकांच्या गुणधर्मांविषयी दरम्यान पुष्कळ माहिती जमा होत होती. सर हंफ्री डेव्ही यांनी १८२१ मध्ये असे दाखविले की, तारेची संवाहकता तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात व लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. तिचा आकार गोल की चपटा याने फरक पडत नाही आणि तापमान वाढले की धातूंची संवाहकता कमी होते. इंग्लंडमधील पीटर बार्लो यांना १८२५ मध्ये वेगळ्या प्रश्नाचे उत्तर हवे होते. लांब तारेतून प्रवाह पाठवून दूरच्या गावी चुंबकसूची हलविता येईल काय, हा तो प्रश्न. अवघ्या २०० फूट तारेनेच परिणाम इतका क्षीण झाला की, अशी तारायंत्रे अव्यवहार्य आहेत, असा निर्णय त्यांनी दिला. बार्लो यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. चूक ही झाली की, प्रवाह घटण्याचा सारा दोष त्यांनी तारेवर टाकला आणि तारेच्या मागे असलेल्या घटमालेची रचना विचारात घेतली नाही.

ओहम यांचे प्रयोग : गेओर्ख झिमोन ओहम (१६ मार्च १७८९—६ जुलै १८५४) यांचा जन्म बव्हेरियातील एर्लांगेन येथे झाला. त्यांचे वडील कुलुपे तयार करणारे कारागीर होते. स्वतःच्या प्रयत्नाने ते गणित व तत्त्वज्ञान शिकले होते आणि आपल्या दोन्ही मुलांना त्यांनीच ते शिकविले. धाकटे बंधू मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. ओहम १८०५ मध्ये एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाले, पण नृत्य, बिलियर्ड्‌झ व बर्फावरील घसरपट्टी यांत वेळ दवडल्यामुळे वडिलांनी त्यांना विद्यापीठातून काढून घेतले. त्यानंतर ते स्वित्झर्लंडमध्ये गणिताचे शिक्षक झाले. १८११ मध्ये त्यांनी एर्लांगेनची डॉक्टरेट मिळविली. काही काळ बांबेर्ख येथील शाळेत काढल्यावर १८१७ मध्ये त्यांना कोलोन येथील जेझुइट गिम्नॅशियममध्ये (माध्यमिक शाळेत) गणित व भौतिकी शिकविण्याचे काम मिळाले. या शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती आणि वडिलांच्या कर्मशाळेत लागलेले धातुकामाचे वळण ओहम यांच्या हाती होते. विद्यापीठातील अध्यासन मिळवायचे तर काही महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध करणे भाग होते. वयाच्या पस्तिशीत असलेल्या या शाळामास्तरांनी त्यासाठी त्या काळी सर्वांच्या चर्चेत असलेला विषय निवडला.

पहिला प्रयत्न फसला. १८२५ च्या निबंधात ओहम यांनी नेहमीचा विद्युत् घट वापरून, तारेची लांबी वाढविली असता प्रवाहाचे चुंबकीय बल किती घटते, ते मोजले आणि या घटीचे एक लघुगणकीय सूत्र प्रसिद्ध केले. ते बरोबर नव्हते. घट जोडताच प्रवाह प्रथम उसळे व मग उतरू लागे. त्यामुळे लांबीचा परिणाम कोणता आणि घटाच्या थकव्याचा कोणता, हे वेगळे करता येत नव्हते. नियतकालिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनी अशा घटाऐवजी तपयुग्म वापरण्याची सूचना केली. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्यांचे सांधे निरनिराळ्या तापमानांस ठेवले असता प्रवाह उत्पन्न होतो, असे झेबेक यांना १८२१ मध्ये आढळले होते. या योजनेस तपयुग्म म्हणतात. एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा वितळणाऱ्या बर्फात ठेवला की तापमानातील फरक स्थिर राहतो आणि त्याबरोबर विद्युत् चालक प्रेरणाही स्थिर राहते. संपादकाच्या टीपेने संशोधनास अशी दिशा मिळाल्याची उदाहरणे विरळाच.

जानेवारी १८२६ मध्ये केलेले प्रयोग प्रायोगिक भौतिकीतील सुबक कामाचा नमुना मानले जातात. बिस्मथ व तांबे यांच्या तपयुग्माला ओहम यांनी सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडल्या. त्यांच्या लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ व १३० इंच होत्या. प्रवाहवाही भागावर एक चुंबकसूची सोन्याच्या चपट्या तारेने टांगली होती. प्रवाहामुळे सूची वळली की वरचे टोक पिळून ती पूर्वस्थानी आणावयाची व त्यासाठी किती पीळ द्यावा लागला तो फेऱ्याच्या शतांशांत वाचावयाचा, अशी ही पीळ तराजूची पद्धत होती. एका दिवसाच्या वाचनांत २ इंच तारेस ३२६ ¾, १८ इंच तारेस १९० ¾ व १३० इंच तारेस ४८ ½ असे आकडे मिळाले.

हे आकडे वरवर पाहता गोंधळात टाकणारे आहेत. लांबी ६५ पट झाली, परंतु प्रवाह सातव्या हिश्शाहूनही थोडा अधिकच राहिला. ओहम यांच्या लक्षात आले की, मंडल म्हणजे केवळ बाहेरची तार नव्हे. तपयुग्म व इतर जोडण्या हाही त्याच मार्गाचा भाग आहे आणि त्यांचाही अडथळा मोजणीत धरला पाहिजे. तो अडथळा त्यांनी त्याच तांब्याच्या तारेच्या लांबीत सांगितला : २० ¼ इंच. ७,२८५ या संख्येस ‘तारेची लांबी अधिक २० ¼’ ने भागले की प्रवाह मिळतो, असे त्यांचे सूत्र होते. वाचकाने स्वतः पडताळा घ्यावा. २ इंचांसाठी उत्तर सुमारे ३२७, १८ इंचांसाठी १९० ½ व १३० इंचांसाठी ४८ ½ येते. नंतर त्यांनी सांध्यांच्या तापमानांतील फरक कमी केला. तेव्हा वरची संख्या लहान झाली, पण २० ¼ ही संख्या तशीच राहिली. म्हणजे वरची संख्या प्रवाह चालविणाऱ्या प्रेरणेची आणि खालची बेरीज संपूर्ण मार्गाच्या रोधाची निदर्शक आहे, हे उघड झाले. आजच्या भाषेत : प्रवाह = विद्युत् चालक प्रेरणा ÷ (बाह्य रोध + अंतर्गत रोध).

शाळेत बहुधा या नियमाचे अर्धेच रूप सांगितले जाते. एका संवाहकाच्या टोकांमधील वर्चोभेद (विद्युत् दाबातील फरक) व त्यातून जाणारा प्रवाह यांचे गुणोत्तर स्थिर असते, हे ते रूप. ओहम यांचा शोध त्याहून व्यापक होता. त्यांनी संबंध मंडलाचा नियम सांगितला. मंडलाचा कोणताही एक भाग बदलला तर प्रवाह केवळ त्या भागात नव्हे, तर सर्वत्र बदलतो, हे त्यामागील तत्त्व होय. घटाजवळच्या दिव्यातून जास्त प्रवाह जातो व तेथे ‘खर्च’ झाल्यामुळे पुढच्या दिव्यापर्यंत कमी पोहोचतो, अशी नवशिक्या विद्यार्थ्यांची हमखास समजूत असते. एकसरीत जोडलेल्या दिव्यांपैकी शेवटचा काढून त्याजागी जाड तार लावली असता पहिला दिवाही अधिक प्रखर होतो, या साध्या प्रयोगाने ती दूर करता येते.

उपेक्षा : शाळेतून अर्ध्या वेतनावर रजा घेऊन ओहम १८२६ मध्ये बर्लिनला बंधूंकडे गेले आणि १८२७ मध्ये त्यांचा *डी गाल्व्हानिश केटे, माथेमाटिश बेआर्बाइटेट* (गॅल्व्हानीय मंडलाचे गणितीय विवेचन) हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फूर्ये यांनी १८२२ मध्ये मांडलेला उष्णतेच्या संवहनाचा सिद्धांत त्यांच्यापुढे आदर्श होता. सळईत तापमानाच्या उताराने उष्णता वाहते, तशी तारेत ‘विद्युत् दर्शकीय बला’च्या उताराने विद्युत् वाहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. याचा अर्थ मंडल जोडल्यावर ताण नाहीसा होत नाही, तर घटाच्या एका अग्रापासून दुसऱ्यापर्यंत तारेवर क्रमाक्रमाने उतरत जातो, असा होतो. अँपिअर यांनी वेगळ्या केलेल्या दोन राशी येथे एकत्र आल्या. तारेवर हा उतार आढळत नाही तो तो अतिशय अल्प असल्यामुळे. साध्या विद्युत् दर्शकास तो जाणवत नाही, इतकेच.

ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. बर्लिनमधील गेओर्ख फ्रीड्रिख पोल यांनी १८२८ मध्ये त्यावर कठोर टीका केली. निसर्गाच्या अंतरंगाचे आकलन गणिती सूत्रांनी होत नाही, असे मानणाऱ्या तत्त्वज्ञांचा तेव्हा तेथे प्रभाव होता. प्रशियाच्या मंत्र्याने ओहम यांस शिक्षक होण्यास अपात्र ठरविल्याची कथा अनेक लोकप्रिय पुस्तकांत येते. तीस आधार फारसा नाही आणि इतके नाट्य कल्पिण्याची गरजही नाही. विरोधापेक्षा दुर्लक्षच अधिक बाधले. प्रयोगाचा निबंध व ग्रंथ यांतही अंतर पडले होते. ग्रंथात आकड्यांना गौण स्थान देऊन ओहम यांनी सर्व काही गृहीतकांपासून निष्पन्न करून दाखविले. त्यामुळे गणित न जाणणारे प्रयोगकर्ते त्यापासून दूर राहिले आणि ज्यांना गणित येत होते त्यांना ती गृहीतके कोठून आली, ते कळेना. अपेक्षित अध्यासन मिळाले नाही. ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली व पुढील काही वर्षे बर्लिनच्या लष्करी शाळेत आठवड्यातून थोडे तास गणित शिकवून काढली. १८३३ मध्ये त्यांना न्यूरेंबर्ग येथील तंत्रशाळेत प्राध्यापकपद मिळाले. विद्यापीठातील भौतिकीचे अध्यासन मिळावयास १८५२ साल उजाडले. म्यूनिकमधील त्या पदावर ते जेमतेम दोन वर्षे राहिले.

नियमाचा स्वीकार हळूहळू झाला. जर्मनीत फेखनर यांनी १८३१ मध्ये विस्तृत प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला आणि रशियात लेंझ यांनी त्याचा उपयोग केला. फ्रान्समध्ये पूये यांनी १८३७ च्या सुमारास तोच नियम आपल्या प्रयोगांच्या आधारे मांडला व तेथे काही काळ त्यांनाच त्याचे श्रेय दिले जात होते. १८३६ मध्ये निघालेला डॅनिएल यांचा घट स्थिर प्रेरणा देणारा असल्यामुळे हा नियम पडताळून पाहणे कोणत्याही प्रयोगशाळेस शक्य झाले. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीने ओहम यांना कॉप्ली पदक दिले आणि त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवादही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

तारायंत्राचा वाटा : इंग्लंडमध्ये हा आदर उत्पन्न होण्यास शुद्ध शास्त्राइतकेच व्यवहारही कारणीभूत झाले. बार्लो यांनी अशक्य ठरविलेले काम अमेरिकेत जोझेफ हेन्री यांनी १८३१ पर्यंत करून दाखविले होते. ऑल्बनी येथील अकादमीच्या खोलीत सुमारे एक मैल लांबीची तार भिंतींभोवती फिरवून तिच्या टोकाशी असलेल्या विद्युत् चुंबकाने त्यांनी घंटा वाजविली. लांब तारेसाठी एका मोठ्या घटाऐवजी अनेक लहान घट एकसरीत जोडावेत व चुंबकावर बारीक तारेचे पुष्कळ वेढे द्यावेत, हे त्यांना प्रयोगांती कळले होते. ओहम यांच्या सूत्रात त्याचे कारण स्पष्ट दिसते. समजा, एका घटाची प्रेरणा १·५ व्होल्ट व अंतर्गत रोध ०·५ ओहम आहे. त्याची अग्रे जाड, आखूड तारेने जोडली तर ३ अँपिअर प्रवाह वाहतो. असे दहा घट एकसरीत लावले तरी प्रेरणा दहापट व रोधही दहापट झाल्याने प्रवाह ३ अँपिअरच राहतो. बाहेर ९९५ ओहम रोधाची लांब तार असेल तर मात्र एका घटाने सुमारे दीड सहस्रांश अँपिअर आणि दहा घटांनी १५ सहस्रांश अँपिअर प्रवाह मिळतो. जवळच्या मंडलात निरुपयोगी ठरलेली युक्ती दूरच्या तारेत कामास येते. बार्लो यांच्या व हेन्री यांच्या निष्कर्षांतील विरोध यामुळे मिटतो.

कुक यांच्यासह १८३७ पासून तारायंत्राच्या व्यवसायात उतरलेले चार्ल्स व्हीट्स्टन यांना हे सूत्र म्हणजे हिशेबाचे हत्यार वाटले. १८४३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ओहम यांचा पुरस्कार केला, बदलता रोध देणारे आपले उपकरण वर्णिले आणि रोधांची तुलना करणारी चार भुजांची जोडणीही दाखविली. ही जोडणी सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्येच योजली असल्याचे व्हीट्स्टन यांनी स्वतः नमूद केले असूनही तिला ‘व्हीट्स्टन सेतू’ हेच नाव चिकटले. समुद्राखालील तारांच्या काळात या सेतूचे महत्त्व फार वाढले. तार मध्येच कोठे तुटून पाण्याशी जोडली गेली, तर किनाऱ्यावर बसून तिचा रोध मोजावयाचा व दर मैली रोधाने भागून दोषाचे अंतर काढावयाचे. उदा., दर मैली ६ ओहम रोध असलेल्या तारेचा मोजलेला रोध ३०० ओहम भरल्यास दोष सुमारे ५० मैलांवर असला पाहिजे (प्रत्यक्षात दोषाच्या जागचा रोधही वजा करावा लागतो). अशा मोजणीवाचून तारा टाकणारी जहाजे दुरुस्तीसाठी समुद्रात नेमकी कोठे धाडावी, हे ठरविता आले नसते. *ग्रेट ईस्टर्न* या जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन ही समुद्री तार टाकली आणि मुंबई इंग्लंडशी जोडली गेली, ती या मापनपद्धती रूढ झाल्यानंतरच.

किरखोफ यांचे नियम : ओहम यांचा नियम एकेरी मंडलास पुरेसा होता. मार्गास फाटे फुटत असतील व निरनिराळ्या शाखांत घट असतील, तर काय करावे, याचे सर्वसाधारण उत्तर गुस्टाफ रोबेर्ट किरखोफ (१२ मार्च १८२४—१७ ऑक्टोबर १८८७) यांनी १८४५ मध्ये दिले. तेव्हा ते कोनिग्झबर्ग येथे फ्रांट्स नॉयमान यांचे विद्यार्थी होते व त्यांचे वय २१ वर्षांचे होते. निबंधाचा मुख्य विषय वर्तुळाकार धातूच्या पत्र्यातून जाणारा प्रवाह हा होता. पुढे जगभर शिकविले गेलेले नियम त्याच्या पुरवणीत आले. पहिला नियम असा : तारा जेथे मिळतात त्या बिंदूकडे येणाऱ्या प्रवाहांची बेरीज तेथून निघणाऱ्या प्रवाहांच्या बेरजेइतकी असते. दुसरा असा : जाळ्यातील कोणत्याही बंद फेऱ्यात प्रत्येक शाखेचा प्रवाह व रोध यांच्या गुणाकारांची (दिशेनुसार चिन्हे घेऊन) बेरीज त्या फेऱ्यातील विद्युत् चालक प्रेरणांच्या बेरजेइतकी असते. पहिल्या नियमाचा अर्थ बिंदूवर विद्युत् साठत नाही व नष्टही होत नाही, असा आहे. घरातील दिवे व पंखे समांतर जोडलेले असल्याने प्रत्येक नवे उपकरण सुरू केल्यावर मुख्य तारेतील प्रवाह वाढतो, तो याच नियमाने. वितळतार (फ्यूज) मुख्य तारेत घालतात ती त्याचसाठी. १८४७ च्या निबंधात किरखोफ यांनी अशा जाळ्यात नेमकी किती स्वतंत्र समीकरणे मिळतात, हेही सिद्ध केले. त्यातील जाळ्यांचे विवेचन पुढे गणिताच्या आलेख सिद्धांतास उपयोगी पडले.

त्यांचे १८४९ चे कार्य पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. वस्तुतः ते कमी महत्त्वाचे नाही. ओहम यांनी ‘विद्युत् दर्शकीय बल’ म्हणजे संवाहकातील विद्युतेची घनता, असे मानले होते. हे खरे धरले तर सर्वत्र सारखी घनता असलेल्या संवाहकात विद्युत् स्थिर राहिली पाहिजे. परंतु स्थिर विद्युत् संवाहकाच्या केवळ पृष्ठभागावर राहते, हे तर कूलंब यांच्या काळापासून ठाऊक होते. म्हणजे सूत्र बरोबर, पण त्याचा अर्थ विसंगत, अशी ही अडचण होती. रूडोल्फ कोलराउश यांनी १८४८-४९ मध्ये संवेदनशील विद्युत् मापकाने, प्रवाह वाहत असलेल्या मंडलातील निरनिराळ्या बिंदूंवरील ताण प्रत्यक्ष मोजला व तो ओहम यांच्या सांगण्याप्रमाणेच उतरत जातो, असे दाखविले. किरखोफ यांनी घनतेच्या जागी स्थिर विद्युत् शास्त्रातील वर्चस् (विद्युत् पातळी) ही राशी ठेवली. त्यामुळे ओहम यांचे एकही सूत्र न बदलता विसंगती दूर झाली आणि विद्युत् दर्शक व चुंबकसूची या दोन उपकरणांनी पाहिलेल्या दोन विद्युत् शाखा एक झाल्या. जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेला, तारेत दर सेकंदास निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हा नियमही या चौकटीत सहज बसला.

मर्यादा व मानके : ओहम नियम हा ऊर्जेच्या अक्षय्यतेसारखा निसर्गाचा सार्वत्रिक नियम नाही. तापमान स्थिर असता धातू तो पाळतात. विरल वायू, डायोड व ट्रँझिस्टर यांसारखी अर्धसंवाहक साधने तो पाळत नाहीत आणि दिव्यातील तंतू तापत जातो तसा त्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो. धातूंच्या बाबतीतही १८७४ मध्ये शंका उपस्थित झाली होती. मॅक्सवेल यांच्या देखरेखीखाली जॉर्ज क्रिस्टल यांनी केंब्रिजच्या केव्हेंडिश प्रयोगशाळेत १८७६ पर्यंत केलेल्या अतिसूक्ष्म चाचण्यांत कोणताही फरक आढळला नाही. किरखोफ यांचे नियम अशा अरेषीय साधनांसही लागू पडतात. मात्र प्रवाहाची कंप्रता इतकी वाढली की तरंगलांबी मंडलाच्या आकारमानाशी तुल्य होते, तर तेही साध्या रूपात वापरता येत नाहीत.

रोधाचे एकक ठरविण्याची निकड तारायंत्रानेच निर्माण केली. प्रत्येक कंपनी आपापल्या तारेच्या मैलात रोध सांगू लागली होती. व्हेर्नर झीमेन्स यांनी १८६० मध्ये ०° से. तापमानास असलेला १ मीटर लांबीचा व १ चौ. मिमी. छेदाचा पाऱ्याचा स्तंभ सुचविला. ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये नेमलेल्या समितीने व्हेबर यांच्या निरपेक्ष पद्धतीवर आधारलेले एकक तयार केले, परंतु लॉर्ड रॅली यांच्या मोजणीनुसार ते उद्दिष्टाहून एक टक्क्याहून थोडे अधिक लहान भरले. १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट व अँपिअर या नावांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. १८९३ मध्ये शिकागो येथे ओहमचे मानक म्हणून १०६·३ सेंमी. लांबीचा पाऱ्याचा स्तंभ ठरविला गेला आणि १९४८ पासून त्याची जागा निरपेक्ष ओहमने घेतली. क्लाउस फोन क्लिट्‌झिंग यांना १९८० मध्ये आढळले की, अतिशय नीच तापमानास व तीव्र चुंबकीय क्षेत्रात काही अर्धसंवाहकांचा एक विशिष्ट रोध पदार्थाच्या आकारावर वा शुद्धतेवर अवलंबून न राहता ठराविक पायऱ्यांनीच बदलतो. या शोधासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० पासून राष्ट्रीय प्रयोगशाळा ओहमचे मानक याच परिणामावरून सिद्ध करीत आल्या आहेत. २० मे २०१९ रोजी प्लांक स्थिरांक व इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार यांची मूल्ये निश्चित केली गेल्यापासून या पायऱ्यांचा मूळ रोधही (सुमारे २५,८१२·८०७ ओहम) व्याख्येनेच ठरलेला आहे.